एका इलेक्ट्रोडसाठी सात महिने

पाणी शुद्धीकरणाचं संशोधन आणि शिकवणं यात माझी तीस वर्षं गेली. पीएचडी झाली, नोकरी लागली, प्रकल्प मिळाले. पण आजही डोकं तापतं ते एका इलेक्ट्रोडच्या, म्हणजे पाण्यात बुडवून फ्लोराइड मोजायच्या कांडीच्या, फाईलमुळे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आम्ही नालगोंडा पद्धतीने काढत होतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची ही पद्धत. चुना, तुरटी, ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं, गाळ बसला की वरचं पाणी घ्यायचं. अडत होतं ते मोजण्यात. तुरटीतलं थोडं ॲल्युमिनियम पाण्यात उरतं आणि फ्लोराइडला धरून ठेवतं, त्यामुळे रंगावरून मोजणाऱ्या स्पॅडन्स पद्धतीत आकडा कमी येतो. खरा आकडा हवा तर आधी नमुन्याचं ऊर्ध्वपातन करा. रोज इतक्या बाटल्यांचं कसं करणार? मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तरच 1.5. आकडा चुकला तर पोरांचे दात जातात.

म्हणून फ्लोराइडच्या इलेक्ट्रोडची मागणी केली. प्रस्तावावर शेरा आला: ‘इलेक्ट्रोड गतवर्षी खरेदी केला आहे. गरज स्पष्ट करावी.’ तो पीएचचा, म्हणजे पाण्याची आम्लता मोजणारा, काचेचा इलेक्ट्रोड होता! दोन पानी खुलासा दिला. मग तीन कोटेशन मागितली. ती जमवेपर्यंत एकाची मुदत संपली आणि फाईल परत पहिल्या टेबलावर. ‘सर, साहेब रजेवर आहेत, सोमवारी या.’ असे किती सोमवार गेले! (कोटेशन घेतानाच मुदत लांबची मागा.)

शेवटी एकाच पाण्याचे दोन अहवाल घेऊन वर गेलो. ऊर्ध्वपातनाशिवायचा मर्यादेच्या आत, ऊर्ध्वपातनानंतरचा बाहेर. साहेबांनी विचारलं, ‘म्हणजे लोक हे पाणी चांगलं समजून पितील?’ मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी मंजुरी.

तेव्हा मागणीत नुसतं ‘इलेक्ट्रोड’ लिहू नका. ‘फ्लोराइड मोजण्यासाठी, लँथॅनम फ्लोराइड स्फटिकाचा’ असं लिहा आणि आहे त्या इलेक्ट्रोडने हे काम होत नाही, हे पहिल्याच ओळीत सांगा. टिसॅब बफर, म्हणजे मोजण्याआधी नमुन्यात मिसळायचं द्रावण, तोही त्याच मागणीत घाला. ॲल्युमिनियमने धरलेलं फ्लोराइड तोच सोडवतो, नाहीतर हा इलेक्ट्रोडही कमीच दाखवतो. आणि हो, नमुने प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेच्या नको.

इलेक्ट्रोड आला त्या रात्री नऊपर्यंत आम्ही साठवलेल्या बाटल्या मोजत बसलो. दुसऱ्या दिवशी गावात जाऊन तुरटीचं माप वाढवून आलो.