सुकटीचा डबा आणि दोन मांजरे

रविवार, ३ मे २०२०, नेरूळ

आज टाळेबंदीचा चाळीसावा दिवस. ती १७ मेपर्यंत वाढल्याचे परवा कळले, तेव्हा मी सर्वांत आधी उठून सुकटीचा डबा उघडून पाहिला. घरातल्या तिघांपैकी दोघांना वरणभात चालत नाही. कोळीण येईनाशी झाल्यापासून बोंबील-मांदेली बंद आहेत, मांजरांच्या खाऊची पाकिटेही संपली आहेत. त्यामुळे पावसाळ्यासाठी ठेवलेला जवळा दोन-तीन पाण्यांत भिजवून, त्याचा खारटपणा काढून, ठमी आणि आप्पा यांच्या ताटल्यांत जातो आहे. (आप्पा हे नाव मिशांमुळे पडले. स्वभावाने तो अगदीच भित्रा आहे.)

एप्रिलमध्ये एकदा संध्याकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला आणि माझा ‘हॅलो’ ऐकताच तिने घाबरून विचारले, ‘‘आई, घसा बसलाय का गं?’’ सध्या घशाचे नाव निघाले तरी पोटात गोळा येतो. घसा ठणठणीत होता. सकाळपासून मी एक शब्दही उच्चारला नव्हता, इतकेच. आयुष्यभर वर्गात बोलून पोट भरलेल्या बाईला ही गोष्ट फार लागली.

त्या दिवसापासून मी या दोघांशी मोठ्याने बोलते. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, दूध कोणी खाली ठेवून गेले, कांदे किती उरले, सारे सांगते. आप्पा ऐकतानाच झोपतो. ठमी मात्र प्रत्येक वाक्याला म्याव करून उत्तर देते. गंमत अशी की, ही दोघे एकमेकांशी कधीच म्याव करत नाहीत; हुंगणे, फिस्कारणे, फार तर एखादी चापट, एवढ्यावर त्यांचे भागते. मोठी झालेली मांजरे हा आवाज बहुतेक माणसांसाठीच काढतात, असे वाचले होते, पण माणसेच समोर नसताना त्याचे मोल कळले.

सोसायटीने गच्चीला कुलूप लावले आहे. मागच्या खोलीच्या ग्रिलमधून मात्र खाडीची एक चिंचोळी पट्टी दिसते आणि ओहोटीच्या वेळी तीवर रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रेघ उमटते. ठमी तिथे तासन्‌तास बसते. एखादा थवा उडाला की ती दातांवर दात आपटून बारीक कटकट आवाज करते. तो माझ्यासाठी नसतो. तेवढा वेळ मीही काही न बोलता तिच्या शेजारी बसून खाडीकडे पाहत राहते.