खोक्यातले बूट

शनिवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर २४ स्काउट तीन संघांत उभे होते आणि मला एकातही खोट सापडत नव्हती. चौदा वर्षं मी हे पथक चालवतोय, असं पहिल्यांदाच घडत होतं. करडे शर्ट, नेव्ही ब्लू पँट, बॅरे टोपी, कमरेला बक्कलाचा पट्टा, स्कार्फ नीट गुंडाळून वॉगलमध्ये, म्हणजे गळ्यापाशी स्कार्फ धरून ठेवणाऱ्या कडीत, ओवलेला. आमचा स्कार्फ मरून रंगाचा, पांढऱ्या काठाचा. दरवर्षी निम्म्या मुलांचे स्कार्फ तोकडे निघतात, कारण घरात उरलेल्या कापडात भागवलेलं असतं. त्रिकोणाच्या दोन बाजू ७० ते ८० सेंटिमीटर असाव्या लागतात. यंदा मी स्वतः टेप घेऊन शिंप्याच्या दुकानात बसलो होतो. तोकडा स्कार्फ गळ्यात शोभतो, पण मोडलेला हात झोळीत घ्यायची वेळ आली की पुरत नाही.

आणि पायांत बूट. खरा आनंद त्याचाच होता. आमच्याकडची बरीच मुलं चपला नाहीतर उसवलेले कॅनव्हास घालून हायकला येतात. दिवाळीच्या सुट्टीआधी पुण्याच्या एका गृहस्थांनी चढणीच्या बुटांचे ११ जोड पाठवले. त्यांच्या नातेवाइकाचं बंद झालेलं दुकान, त्यातला सहा-सात वर्षं पडून राहिलेला माल. पण अगदी कोरा. आत पातळ कागद, ओल शोषणारी ती छोटी पुडी, सगळं जसंच्या तसं. खोकी उघडली तेव्हा मुलांनी आधी वास घेतला. मी ११ जोड ११ मुलांना दिले, आकार बघून, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना आधी.

७ नोव्हेंबर हा भारत स्काउट्स आणि गाईड्सचा स्थापना दिन, १९५० चा. त्यानंतरच्या शनिवारी आम्ही हायक काढतो. या वेळी रोहिडा किल्ला. भोरपासून बाजारवाडी जवळ, तिथून तासा-दीड तासाची चढण, मुलांना झेपेल अशी. पाऊस संपून गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि पायवाटेवर घसारा सुटलेला असतो.

वर जाताना काही झालं नाही. दुसऱ्या दरवाजाशी टाक्याचं पाणी पाहिलं, तिसऱ्या दरवाजावरची हत्तीची शिरं आणि मराठी व फारसी शिलालेख मुलांना दाखवले. रोहिडमल्लाच्या देवळापाशी डबे उघडले. जेवताना आठवीतला एक मुलगा बूट काढून आत बोट घालत होता. मी विचारलं, चावतोय का? म्हणाला, "नाही सर, आतून काहीतरी भुगा येतोय." मला वाटलं माती असेल. झटक आणि घाल, म्हणालो. हे माझं वाक्य नंतर कितीतरी रात्री मला आठवलं.

उतरायला लागल्यावर दहाएक मिनिटांत त्याच मुलाच्या बुटाचा तळ निघाला. फाटला नाही, उसवला नाही, सरळ सुटून वाटेवर पडला. खालचा रबरी तळ नव्यासारखा, त्याची नक्षीसुद्धा झिजलेली नाही. वरचा बूटही धड. मधला जो स्पंजासारखा थर असतो त्याचा मात्र चुरा. मी चिमटीत धरला तर शिळी भाकरी कुस्करावी तसा बोटांतून गळाला, हाताला किंचित चिकटही लागला. मी अजून तो बघतोय तोवर मागून दुसरा ओरडला, "सर, माझापण!" पाव तासात पाच मुलांचे आठ तळ निघाले.

मी सगळ्यांना जागेवर बसवलं. सोबतच्या सरांनी पुढचा संघ थांबवला. बूट दिलेल्या अकराही जणांचे तळ अंगठ्याने दाबून बघितले. दाबल्यावर जिथे भेगा पडत होत्या ते सगळे जाणार हे उघड होतं, आणि ते सगळेच होते. मग दोऱ्या काढल्या. बुटाखालून दोन फेरे, घोट्यामागून एक आणि वर रीफ नॉट. वर्गात ही गाठ मारताना मुलं कंटाळतात, इथे प्रत्येकाने दुसऱ्याची ओढून तपासली.

एकाला दोरी लागली नाही. सातवीतला बारका मुलगा. त्याने पाठीवरच्या पिशवीतून टायरच्या चपला काढल्या आणि बूट सोडून त्या घातल्या. सकाळी मैदानावर याच्याच पायातल्या चपला मी बघितल्या होत्या आणि बूट दिलेत तर घालायचे नाहीत का, म्हणून त्याला रांगेबाहेर उभं करून बदलायला लावल्या होत्या. चपला घरी पाठव म्हणालो होतो. त्याने पाठवल्या नव्हत्या. आता माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, आज्जी म्हनली, नवं पायताण घालून लांबच्या वाटंला जायचं न्हाई. जुनं संगं असू दे." मी काही बोललो नाही, खाली बसून त्याच्या चपलेचा बंद आवळून दिला.

तरीही पहिल्या दरवाजाच्या खालच्या सोंडेवर एकाची दोरी सरकली. तळ पुढून दुमडला, पाय घसाऱ्यावर गेला आणि मुलगा घोट्यावर बसला. जोरात रडला नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो. हाड हलत नव्हतं, बोटं हलत होती, पण घोटा बघता बघता लिंबाएवढा सुजला. बूट न काढता त्याच्याच स्कार्फची घडी करून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधली. पुरेपूर बसली. त्याला चालवणं शक्य नव्हतं.

गरुड संघाच्या संघनायकाने न सांगता दोन लाठ्या समोर ठेवल्या आणि शर्ट काढायला लागला. तीन शर्ट, बाह्या आत ओढून बटणं लावायची आणि दोन्ही बाजूंच्या बाह्यांमधून लाठ्या ओवायच्या, की स्ट्रेचर होतं. तृतीय सोपानाच्या, म्हणजे स्काउटच्या तिसऱ्या पायरीच्या, परीक्षेला आम्ही ते दहादा केलंय. नियम असा की रुग्णाला ठेवण्याआधी धडधाकट माणसाला बसवून बघायचं. एक वजनदार मुलगा बसला, चौघांनी उचललं आणि एक लाठी मधोमध कट्ट करून मोडली. आतून पिवळट पीठ सांडलं. कीड लागलेली होती. वरून तेल लावून चकचकीत केलेली लाठी, आतून पोखरलेली. ही लाठी चार वर्षं प्रयोगशाळेच्या कपाटात उभी होती. मेळाव्याला बाहेर यायची, पुसली जायची आणि परत आत.

ती लाठी त्या मुलाच्या अंगाखाली मोडली असती तर, हा विचार मी तिथे करायचा टाळला. बाकीच्या लाठ्या एकेक दगडावर आडवी ठेवून पायाने दाबल्या. आणखी दोन बाद झाल्या. टिकलेल्या दोन घेऊन पुन्हा शर्ट ओवले, पुन्हा तोच मुलगा बसला, पुन्हा उचललं. टिकलं. मग जखमी मुलाला ठेवलं आणि चौघांचा एक गट, दर शंभर पावलांनी बदल, असं करत बाजारवाडीपर्यंत आलो. शर्टाचं एकही बटण तुटलं नाही. शिंप्याला मी बटणं दुहेरी दोऱ्याने लावायला सांगितलं होतं, तेव्हा तो वैतागला होता.

गावात एका मावशींनी ओसरीवर घोंगडी अंथरली, मुलाला चहा दिला आणि मला दोन शब्द सुनावले. ऐकून घेतले. भोरच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, तीन आठवडे पट्टी.

सोमवारी ते बूट घेऊन मी एसटी स्टँडजवळ बसणाऱ्या काकांकडे गेलो. चाळीस वर्षं बूट शिवणारा माणूस. त्यांनी चुरा बोटावर घेतला आणि लगेच म्हणाले, "पीयूचा सोल आहे मास्तर. हा न घालताच मरतो." पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन हळूहळू विघटित होतं. खोकं बंद असलं तरी हवा आत असतेच, आणि आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. रबर टिकतं, कातडं टिकतं, मधला थर आतल्या आत संपतो, बाहेरून काही कळत नाही. काकांनी मला बघायचं कसं तेही शिकवलं: मधल्या थरावर अंगठ्याच्या नखाने दाबायचं, बारीक सुरकुत्या उमटल्या किंवा खळगा भरून आला नाही तर तो जोड डोंगरावर न्यायचा नाही. जुन्या बुटाच्या तळाला आतून चुरा दिसला तर त्याच क्षणी बाजूला. वरचे भाग त्यांनी ठेवून घेतले, त्यांवर रबरी तळ चढवून टाके घालून देतो म्हणाले. सहा जोड वाचले.

पुण्याच्या त्या गृहस्थांना मी फोन केला. त्यांना दोष द्यायचा नव्हता, उरलेला माल त्यांनी आणखी कुठे दिला असेल तर थांबवावा म्हणून. त्यांनी दोन शाळांना लगेच कळवलं आणि मुलाच्या पायाची चौकशी पंधरा दिवस करत राहिले.

मग कपाट रिकामं केलं. तंबूच्या चार खुंट्या गंजून पिनेसारख्या झाल्या होत्या. दोन दोऱ्या हिसडा दिल्यावर तुटल्या. ताडपत्री घड्यांवर फाटलेली. प्रथमोपचार पेटीतला चिकटपट्टीचा डिंक सुकून गेलेला. हे सगळं साहित्य दरवर्षी तपासणीला रजिस्टरमध्ये 'सुस्थितीत' म्हणून लिहिलं जात होतं, आणि खाली सही माझी होती. ते पान मी फाडलं नाही. पुढच्या पानावर नवीन तक्ता आखला, त्यात 'शेवटचं वापरलं कधी' असा एक रकाना घातला. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळं मैदानात निघतं, उन्हात पडतं, लाठ्यांवर मुलं उभी राहतात, दोऱ्यांना दोघे दोन बाजूंनी लोंबकळतात.

पुढच्या आठवड्यात कॅनव्हासच्या बुटांसाठी मापं घेतली. वर्तमानपत्राच्या कागदावर पाय ठेवायचा आणि पेन्सिलीने कड काढायची. संध्याकाळी मापं घ्यावीत, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, म्हणून शाळा सुटल्यावर बसलो. टायरच्या चपलांवाल्याची पाळी आली. रुंद, टाचेला भेगा पडलेला पाय त्याने कागदावर दाबून ठेवला. मी पेन्सिल फिरवत असताना तो वाकून बघत होता.

"सर, बोटापुढं वाईच जागा सोडा."

"किती?"

त्याने आपला अंगठा आडवा ठेवून दाखवला. "एवढी. आज्जी म्हनती, पाऊस येईस्तोवर पाय वाढंल."

मी रेघ अंगठाभर पुढे नेली.