वसंतातलं अस्वल, नोंद ४: अस्वल जागेवरच होतं, पिन चुकत होती

या नोंदी अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात वसंतात केलेल्या काळ्या अस्वलाच्या शिकारीच्या. गेल्या तीन नोंदींमधलं गाऱ्हाणं एकच. समोरच्या उतारावर अस्वल चरताना दिसतं, दरी ओलांडून दोन तासांनी तिथे पोचावं, तर हिरवळ रिकामी. नोंद ३ मध्ये सगळं खापर थर्मल वाऱ्यावर, म्हणजे उन्हात उतारावरून वर आणि सावलीत खाली वाहणाऱ्या वाऱ्यावर, फोडलं होतं. ते अर्धंच खरं निघालं. उरलेलं अर्धं म्हणजे डेक्लिनेशन, होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, आणि हे तीन नोंदी लक्षात येऊ नये याची लाजच वाटते.

वायव्य मॉन्टानात, कॅबिनेट डोंगररांगेच्या भागात, होकायंत्राची उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला १३ ते १४ अंश पडते. महाराष्ट्रात हा फरक एका अंशाच्याही आत. त्यामुळे सह्याद्रीत होकायंत्र शिकलेल्या हाताला ही दुरुस्ती करायची सवयच नसते. आता हिशेब बघा. ग्लासिंगच्या जागेवरून (जिथे बसून दुर्बिणीनं उतार न्याहाळतो तिथून) अस्वल १०४० यार्डांवर, होकायंत्रावर दिशा ६२ अंश. फोनवरच्या नकाशाच्या ॲपमध्ये ६२ ची रेघ ओढून पिन, म्हणजे जागेची खूण, टाकली. पण नकाशाची उत्तर खरी उत्तर, म्हणजे रेघ साडेपंच्याहत्तरवर हवी होती. १०४० यार्डांवर साडेतेरा अंशांची चूक म्हणजे जवळजवळ २४५ यार्ड. पिन डावीकडे पडली, अस्वल उजवीकडे राहिलं. त्यात चढाई उजव्या सोंडेवरून केली, म्हणजे पिनकडे जाताना अस्वलाच्या अंगावरूनच गेलो. ते निघून गेलेलं नव्हतं, आपणच त्याला उठवलं.

ज्या होकायंत्राला डेक्लिनेशनचा स्क्रू असतो त्यावर एकदा १३.५ पूर्व लावून ठेवा आणि विसरून जा. फोनच्या होकायंत्रात ‘खरी उत्तर’चं सेटिंग चालू करा. दोन्हीकडे दुरुस्ती करून वर पुन्हा डोक्यात १३.५ मिळवू नका, तोही प्रकार होतो. तपासणी सोपी आहे: नकाशावर नक्की ओळखू येणारं एखादं शिखर निवडा, त्याची दिशा घ्या आणि ॲपमधल्या रेघेशी ताडून बघा. दोन अंशांपेक्षा जास्त फरक आला तर कारण शोधा.

कारण बहुतेक वेळा छातीवरच असतं. दुर्बिणीच्या हार्नेसचं (छातीवर बांधायच्या पिशवीचं) झाकण चुंबकानं बंद होतं. आवाज होत नाही म्हणून सगळ्यांना आवडतं. पण होकायंत्र त्या झाकणासमोर धरलं की सुई सरळ सरकते. हार्नेस काढून बाजूला ठेवा, रायफल चार पावलं लांब टेकवा, मगच दिशा घ्या. फोनच्या कव्हरमधलं चुंबकही त्यातलंच.

रेंजफाइंडरवर (अंतर मोजायच्या यंत्रावर) दोन आकडे दिसतात. नकाशासाठी थेट अंतर नको, आडवं अंतर घ्या. समोरचं ठिकाण १५ अंश वर असेल तर १०४० चे १००५ होतात. पस्तीस यार्ड ऐकायला किरकोळ वाटतात, पण थिंबलबेरी आणि अल्डरच्या झुडपांच्या जाळीत पस्तीस यार्ड म्हणजे काहीच न दिसणं.

दुरुस्तीनंतर अस्वलाऐवजी एक जळका बुंधा धरून सराव केला: पिन, दरी, चढाई, सगळं तसंच. पिनपासून बुंधा १८ यार्डांवर सापडला. बुंध्यापाशी पोचल्याचा एवढा आनंद यापूर्वी कुणाला झाला नसेल.

तरी नुसत्या पिनवर विसंबू नका. दरीपलीकडून एकटं उठून दिसणारं वठलेलं झाड जवळ गेल्यावर शंभरांतलं एक होतं. स्पॉटिंग स्कोपमधून (लांबचं बघायच्या एकनळी दुर्बिणीतून) फोनवर दोन फोटो काढा, एक पूर्ण उताराचा आणि एक जवळचा. मोठ्या फोटोत तीन खुणा निवडा: धारेवरची एक, मधला घसारा आणि अस्वलाच्या वरच्या बाजूची एक. खालच्या बाजूची खूण चढताना दिसतच नाही. मागे बसलेल्या साथीदारानं रेडिओवर ‘डावीकडे जा’ सांगणं मॉन्टानात बेकायदा आहे. दुतर्फा संपर्क सुरक्षिततेसाठी चालतो, जनावरापर्यंत पोचायला नाही. म्हणून फोटो चोख हवेत.

आता कारणाचं दुसरं अर्धं, म्हणजे वारा. गवत, क्लोव्हर आणि डँडेलियन आधी दक्षिण आणि नैऋत्य उतारांवर, हिमप्रपातांच्या नाळांत आणि बंद पडलेल्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवर उगवतं. अस्वल संध्याकाळी तिथेच येतं. या उतारांवर ऊन शेवटपर्यंत टिकतं, म्हणजे वारा वर चढत राहतो. खालून चढलं की वास सरळ त्याच्या नाकात. समपातळीवरून आडवं किंवा वरून यायचं. सावली मात्र दरीच्या तळातून वर सरकते आणि तिच्या खालचा वारा आधी उलटतो. सावलीची रेघ तुम्ही आणि अस्वल यांच्या मधे असेल तर थांबा. तिथे वारा गोल फिरतो, वाऱ्याची दिशा बघायची पावडरची बाटली दाबली तर चूर्ण तुमच्याच तोंडावर येतं.

हे लिहितानाच एक सुचलं. पूर्व उतार दुपारनंतर लवकर सावलीत जातो, म्हणजे तिथला वारा आधीच खाली वाहायला लागलेला असतो. जूनकडे झुकताना हिरवळ तिकडेही पोचते. मग खालच्या बंद रस्त्यावरून सरळ चढून जाता येईल. पुढच्या फेरीचा बेत नैऋत्य नाळेचा होता, तो आता रद्द. आधी पूर्वेचा उतार.

सामानाबद्दल एकच मत: १५×५६ (पंधरापट मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणीवर पैसे घालण्याआधी दहापटीची १०×४२ ट्रायपॉडवर चढवून बघा. स्वस्त ट्रायपॉडचं हेड, म्हणजे दुर्बीण बसवायचा वरचा भाग, नीट धरत नाही आणि दुर्बीण हळूहळू खाली झुकते. हेड चांगलं घ्या, पाय कसलेही चालतात.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. कॅबिनेटमध्ये ग्रिझलीही (मोठ्या तपकिरी जातीची अस्वलं) आहेत, आणि ती संरक्षित आहेत. रंगावर जाऊ नका, तपकिरी काळं अस्वल इथे नेहमीचं. खांद्यावरचा उंचवटा, खोलगट चेहरा आणि लांब नखं, तिन्ही एकत्र बघा. परवान्याआधी राज्याची ओळख चाचणी द्यावीच लागते, ती एकदा देऊन विसरण्यासारखी नाही. पिल्लांसोबतची मादी मारता येत नाही आणि पिल्लं झाडीत मागे राहतात, म्हणून निशाणा धरण्याआधी किमान वीस मिनिटं नुसतं बघत राहा. एच-१बी वगैरे व्हिसावर असाल तर राज्याचा वैध शिकार परवाना हातात येईपर्यंत बंदुकीला हात लावू नका, केंद्राचा कायदा त्या परवान्यामुळेच सूट देतो. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजवा. अस्वलाच्या मांसातल्या ट्रायकिनेला या परजीवी जंताची जात गोठवूनही मरत नाही, त्यामुळे फ्रीझरचा भरवसा नको.

पुढच्या फेरीसाठी: हार्नेसची चुंबकं काढून त्या जागी बटणं शिवायची, पूर्व उताराचा सावलीचा वेळ दोन संध्याकाळी घड्याळ लावून नोंदवायचा, आणि तिसऱ्या संध्याकाळी तिथेच आणखी एक बुंधा धरून वाऱ्यासकट सराव.