आज पुन्हा ‘काइंड ऑफ ब्लू’

आज घरात कुणी नव्हतं, म्हणून जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड चांगली मोठ्याने लावली. १९५९ सालचं न्यूयॉर्कमधलं ध्वनिमुद्रण, तेही एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता तिथलं. मार्च आणि एप्रिलमधल्या दोन बैठकांत सगळं उरकलं. माइल्सने वादकांच्या हाती जेमतेम आराखडे दिले होते. रंगीत तालीम वगैरे काही नाही!

‘सो व्हॉट’ या पहिल्याच रचनेमध्ये धून वाजवतो तो पॉल चेंबर्सचा बास, बाकीचे त्याला दोन स्वरांत हुंकार देतात. मग माइल्सचा ट्रम्पेट सुरू होतो, नेमक्या त्याच क्षणी ड्रमवादक जिमी कॉबची झांज झणकन वाजते आणि कितीतरी वेळ घुमत राहते. तेवढाच तुकडा मी मागे नेऊन नेऊन ऐकला. अंगावर काटा येतो, दर वेळी.

पुढे सोळा बार (म्हणजे चार-चार मात्रांचे सोळा तुकडे) एकच स्वरसप्तक. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलायची घाई नाही, त्यामुळे वादक एकेका स्वरावर निवांत रेंगाळतो. राग ऐकत वाढलेल्या कानांना ही मोकळीक लगेच आपलीशी वाटते. (यात सॅक्सोफोन वाजवणारा जॉन कोल्ट्रेन थोरच, पण या रेकॉर्डवर माझा जीव कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या सॅक्सोफोनवर.)

जॅझ कधीच ऐकलं नसेल तर खुशाल इथून सुरुवात करा. आणि कुणाचा लाडका सोलो कोणता, तेही सांगा.