पाच अंशांखालची सही

उपग्रह नियंत्रणात नव्याने आलेल्यांना मी बिघाडांचा तास घेतो. परवा मुद्दाम ८ एप्रिल १९८४ ला शीछांगहून सुटलेला चिनी दळणवळण उपग्रह घेतला. भूस्थिर कक्षेत आपल्या जागेकडे सरकतानाच त्याच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या तापत चालल्या. भरलेल्या बॅटरीत करंट ढकलत राहिलं की त्याची नुसती उष्णता होते. म्हणून उपग्रह तिरका करून त्याच्या सौरघटांवरचं ऊन कमी करायचं. उपग्रहाचे मुख्य रचनाकार सुन ज्यादोंग म्हणाले, अजून पाच अंश. कमांड देणाऱ्यांनी सही मागितली. रीतसर कागदपत्रांना वेळ नव्हता; साध्या कागदावर तेवढंच लिहिलं, सुन यांनी सही केली, कमांड गेली, बॅटऱ्या वाचल्या.

एका मुलीनं फळ्यावर गणित मांडलं. हा उपग्रह म्हणजे स्वतःभोवती फिरणारा, सौरघटांनी मढवलेला ड्रम; त्यावर वीज सूर्यकोनाच्या, म्हणजे फिरण्याचा अक्ष आणि सूर्य यांतल्या कोनाच्या, साइनप्रमाणे बदलते. ९० वरून ८५ अंशांवर आणलं तर अर्धा टक्काही घटत नाही, ४५ वरून ४० वर आणलं तर ९ टक्के. म्हणजे ‘पाच’ कुठून मोजले, त्यावर सगळं. जीव सुखावला माझा.

मग मागून एक जण: "सर, बॅटरी जळतेय आणि हे सही मागतायत?" वर्ग हसला. मला ते लागलं. सुटलेली कमांड परत घेता येत नाही, आणि चौकशीत पहिला प्रश्न ‘कोणाच्या लॉगिनवरून गेली’ हाच असतो. ‘देऊन टाक रे’ म्हणणाऱ्या साहेबांना नंतर काही आठवत नाही, हे मी पाहिलंय.

सुन यांना हे कळत होतं. १९६७ मध्ये चिनी अवकाश कार्यक्रमाचे जनक चिएन श्वेसेन यांनी त्यांना क्षेपणास्त्रांच्या कामातून चीनच्या पहिल्या उपग्रहावर आणलं. कारखान्यांनी त्याच्या उपकरणांवर माओंचे बिल्ले बसवलेले. वजन वाढत होतं, तापमानाचं गणित बिघडत होतं. सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत ‘काढा’ म्हणायची कोणाची छाती? १९६९ मध्ये सुन यांनी ते पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या कानावर घातलं. चौ यांनीही थेट हुकूम दिला नाही. परत जाऊन लोकांना नीट समजावा म्हणाले. तेवढ्या आधारावर बिल्ले उतरले, आणि २४ एप्रिल १९७० ला १७३ किलोचा उपग्रह वर गेला. असा माणूस सही मागणाऱ्यावर कशाला चिडेल?

वर्ग गप्प झाला, पण त्या मुलानं सोडलं नाही. "सुन खोलीत होते, सर. आपल्याकडे रात्रपाळीला सही करणारा घरी असतो."

बरोबर बोलला. फोनवरचा होकार कसा नोंदवायचा, याचा नियम मी आता लेखी मागणार आहे.