पाणी समोरून यायला हवं

माद्रिदला माझ्याकडे येऊन आठ दिवस झाले आणि माझे वडील, अण्णा, अस्वस्थ झाले. राजवाडा पाहिला, संग्रहालयं पाहिली, बागेतल्या बाकावर बसून झालं. नवव्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "इथे कुठे शेती दिसत नाही का रे?" त्या प्रश्नातून आमची अल्पुखाराची वारी ठरली.

अल्पुखारा म्हणजे स्पेनच्या दक्षिणेला, ग्रानादा आणि आल्मेरिया प्रांतांत, सिएरा नेवादा पर्वताच्या दक्षिण उतारावरचा मुलूख. माथ्यावर मुलासेन, जवळपास 3,480 मीटर उंच. म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी थोडी उंची उरतेच. खाली खोल दऱ्या आणि त्यांच्या कुशीत पांढरी गावं.

तयारीबद्दल थोडं सांगतो, कारण आईवडिलांना इकडे आणू पाहणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. मुलाच्या घरी राहायला येणाऱ्यांसाठी स्पेनचे पोलीस निमंत्रणपत्र देतात. ते मीच इथून काढून मूळ प्रत धुळ्याला पाठवली, मग व्हिसाचा अर्ज. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो. कागदांना वेळ लागला आणि एप्रिलचा बेत मेवर गेला. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. पण मे महिन्यात वरचा बर्फ वितळतो आणि डोंगरातला प्रत्येक पाट भरून वाहतो. आम्ही पोचलो ते नेमके तेव्हाच.

अण्णा 66 वर्षांचे, माळकरी. त्यामुळे बॅगेत शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दशम्या. हे सामान खरंच कामी आलं. या डोंगरात डुकराच्या मांडीचं वाळवलेलं मांस, हामोन, इतकं रोजचं आहे की पुष्कळ ठिकाणी ते मांसात धरतच नाहीत. "मांस नको" म्हटलं तरी सूपमध्ये त्याचे बारीक तुकडे येतात. "हामोनसुद्धा नको" असं वेगळं सांगावं लागतं. ते सांगितल्यावर मात्र भोपळी मिरची-कांदा घालून तेलात परतलेले बटाटे, उसाचा पाक घातलेली वांगी, अंजिराची वडी असं छान मिळत गेलं.

ग्रानादाहून बस निघाली की थोड्या वेळात एक घाट लागतो. त्याचं नाव 'मूराचा उसासा'. मूर म्हणजे तेव्हाचे इथले मुसलमान. 2 जानेवारी 1492 ला ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या हवाली केल्यावर शेवटचा सुलतान बोआब्दिल याने इथून मागे वळून पाहिलं, अशी दंतकथा आहे. त्याला राहायला हाच अल्पुखारा दिला होता. पुढच्याच वर्षी तो मोरोक्कोला निघून गेला. अण्णांना मी हे सांगत होतो, पण त्यांचं लक्ष खिडकीबाहेर. लान्खारोन आणि ओर्खिवा मागे पडून बस वळणं घेत वर चढायला लागली तशी उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं दिसू लागली. शेवटी पांपानेइराला उतरलो. अण्णांनी पहिल्यांदा कान टवकारले. "पाणी वाहतंय कुठेतरी."

गल्लीच्या मधोमध दगडी पन्हळ होती, हातभरही रुंद नाही, आणि तीतून बर्फाचं पाणी खळखळत उतरत होतं. अण्णा खाली बसले, बोटं बुडवली आणि एकदम आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ ते आपला पाट शे!"

इथे थोडं घरचं सांगायला हवं. आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली जमिनीचे फड आणि पाण्याची पाळी सांभाळणारा पाटकरी. माझे आजोबा पाटकरी होते. कुणाच्या वावरात किती वेळ पाणी जाणार हे त्यांच्या शब्दावर चाले. अण्णांचं बालपण त्यांच्यामागे फावडं घेऊन फिरण्यात गेलं. मी हे सगळं ऐकून होतो, पण ते काम नेमकं काय असतं हे मला कळलं ते स्पेनमध्ये.

पांपानेइरा, बुबिऑन आणि कापिलेइरा ही तीन गावं पोकेइराच्या दरीत एकावर एक बसली आहेत, साधारण 1,060 पासून 1,430 मीटरपर्यंत. जुन्या पायवाटेने चढलो. दुसरं आश्चर्य होतं घरांचं. सगळी धाब्याची घरं! चेस्टनटच्या लाकडाचे सरे, त्यावर दगडी फरशा आणि वर 'लाउना' नावाची करडी चिकणमाती. पाऊस पडला की ती फुगून घट्ट होते आणि पाणी आत येऊ देत नाही. आपल्याकडे धाब्यावर पांढरी माती टाकतात, तेच काम. घरांच्या मधून जाणाऱ्या गल्लीवरही छप्पर घालून वर खोली काढतात, त्याला 'तिनाओ' म्हणतात. भर उन्हात त्या तिनाओखाली शिरलं की अंग निवतं. एका तिनाओत एक बाई चिंध्यांच्या पट्ट्यांपासून विणलेली जाजमं विकत बसली होती. त्यांना 'खारापा' म्हणतात. अण्णांनी आईसाठी एक घेतलं. ओझं नको म्हणून मी कुरकुरलो, पण पुढचे चार दिवस ते त्यांनीच पाठीवर वाहिलं.

दुसऱ्या दिवशी कापिलेइराच्या वरच्या बाजूला फिरताना तो माणूस भेटला. सत्तरीचा असेल, पायात रबरी बूट, हातात कुदळ. पाटाच्या कडेला वाकून तो गवताचं ढेकूळ एका फटीत दाबत होता. पाणी एका वावरातून दुसरीकडे वळवत होता, म्हणजे आपण ज्याला दारं धरणं म्हणतो ते. ढेकूळ नीट बसेना. मी "बुएनोस दियास" म्हणेपर्यंत अण्णा पुढे गेले. काठावरची एक चपटी शिळा त्यांनी उचलली, फटीत तिरकी लावली आणि वरून ओला गाळ थापला. पाणी थांबलं. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग त्या आजोबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मेदिया ओरा." अर्धा तास. अण्णांना स्पॅनिशचा एक शब्द येत नाही, पण त्यांनी मान डोलावली. पाळी अर्ध्या तासाची आहे हे त्यांना समजलं होतं.

नंतर पाऊण तास आम्ही तिथेच बसलो. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधून मी दुभाष्याचं काम केलं. पाटाला ते 'आसेकिया' म्हणतात आणि पाटकऱ्याला 'आसेकिएरो'. मूळ अरबी शब्द पाणी पाजण्यावरून आलेला, आपल्याला गझलेतून माहीत असलेला 'साकी' त्याच कुळातला. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शब्द राहू दे. त्यांना विचार, उन्हाळ्यात बर्फ संपला की पाणी कुठून आणतात?"

हा खरा प्रश्न होता. आजोबांनी वर डोंगराकडे हात केला आणि 'कारेओ' हा शब्द उच्चारला. वसंतात बर्फ वितळतो तेव्हा पाणी गरजेपेक्षा जास्त असतं. ते नदीला वाहून जाऊ न देता खूप उंचावरच्या पाटांतून डोंगराच्या कडेकडेने नेतात आणि जिथे खडक फुटका, भेगाळलेला आहे तिथे मुद्दाम सोडून देतात. ते जमिनीत मुरतं, खडकाच्या पोटातून हळूहळू उतरतं आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी खालच्या झऱ्यांतून बाहेर येतं, ऐन उन्हाळ्यात पिकाला हवं तेव्हा. "पाणी अडवा, पाणी जिरवा" आपण भिंतींवर रंगवलं. इथे अरब आणि उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर जमातींच्या शेतकऱ्यांनी हजारएक वर्षांपूर्वी ते डोंगरावर कोरून ठेवलं. मधल्या काळात गावं ओस पडली आणि पुष्कळ पाट बुजले. 2014 पासून ग्रानादा विद्यापीठाचे पुरातत्त्व अभ्यासक, गावकरी आणि स्वयंसेवक मिळून ते उकरून पुन्हा वाहते करताहेत. सुरुवात कान्यार गावच्या बार्खासच्या पाटापासून झाली.

ज्यांनी हे पाट बांधले त्यांचं पुढे काय झालं, हे मला तिथे बसल्यावर जास्त टोचलं. ग्रानादा पडल्यावर इथल्या मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं. त्यांना 'मोरिस्को' म्हणत. 1567 च्या फर्मानाने त्यांची भाषा, पोशाख, रीतिरिवाज, सगळ्यावर बंदी आली. 1568 च्या नाताळात याच डोंगरात बंड पेटलं, 1571 पर्यंत चाललं आणि रक्तात बुडालं. लोकांना इथून हाकलून स्पेनभर पांगवलं, उत्तरेकडची कुटुंबं आणून त्यांच्या घरांत वसवली. गावोगाव असं सांगतात की प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं मुद्दाम ठेवून घेतली, नव्या लोकांना पाणी वळवायला शिकवण्यासाठी. मशिदींच्या जागी चर्चं उभी राहिली. किल्ले-मनोरे शोधत इथे येणाऱ्याला फार काही सापडणार नाही. अल्पुखाराची ऐतिहासिक वास्तू म्हणजे हा पाट, आणि तो अजून वापरात आहे. माझं म्हणणं एवढंच की इथे येणाऱ्याने चर्चच्या आधी पाट बघावा.

तिसऱ्या दिवशी पित्रेसहून खाली ला ताआच्या वाड्यांकडे उतरलो. 'ताआ' हा सुलतानांच्या काळातला परगणा. फोन्दालेसच्या खाली त्रेवेलेस नदीवर जुना पूल आहे आणि शेजारी पडकी पाणचक्की. तिथून चढणाऱ्या नागमोडी खेचरवाटेला 'एस्कारिउएला' म्हणतात. दगडांची फरसबंदी अजून टिकून आहे. फेरेइरोलाबाहेर एक झरा आहे, त्याचं पाणी निसर्गतःच सोड्यासारखं फसफसतं. त्यात लोह इतकं की दगड तांबडे झालेत. अण्णांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, मग दोन घोट आणखी घेतले.

चौथा दिवस बुस्किस्तार ते त्रेवेलेस, आणि इथे मी चुकलो. लांब पल्ल्याच्या जी-आर 7 या वाटेवर पांढरा-तांबडा पट्टा रंगवलेला असतो, आणि चुकीच्या वाटेच्या तोंडाशी त्याच रंगांची फुली. गाव सोडल्यावर एक फाटा लागला. मी पुढे, फोनमध्ये डोकं घातलेलं, आणि दरीत नेटवर्क नव्हतं. नकाशा आधी उतरवून घ्यायला हवा होता, तो घेतला नव्हता. फुली नजरेतून सुटली. पाटाच्या काठाने छान सपाट वाट होती, अर्धा तास आम्ही मजेत चाललो.

अण्णा थांबले. "आपण चुकलोय."

"कशावरून?"

"त्रेवेलेस गाव नदीच्या वरच्या अंगाला आहे ना? पाट वरून खाली येतो. मग पाणी समोरून यायला हवं. हे तर आपल्यासोबत चाललंय."

मी पाटाकडे पाहिलं. चेस्टनटचं एक पिवळं पान आमच्या बरोबरीने तरंगत येत होतं, थोडं पुढे गेलं, काडीला अडकलं, सुटलं आणि पुन्हा पुढे. अर्धा तास माझ्या पायाशी ही खूण वाहत होती. परत फिरलो. फाट्यावर दगडावर फुली होतीच, शेवाळाने निम्मी झाकलेली. मग खऱ्या वाटेने चढायला लागलो. ओकच्या रानातून पुन्हा एक पाट लागला, आणि या वेळी पाणी समोरून येत होतं. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त काठीने पाण्याकडे खूण केली. साडेचार तासांची वाट आम्हाला सहा तास लागली.

त्रेवेलेस 1,476 मीटरवर. वरची, मधली आणि खालची अशा तीन आळ्या. गावाचं नाव हामोनवर चालतं, कोरड्या थंड वाऱ्यात टांगलेल्या मांड्या दुकानादुकानांत दिसतात. 1862 मध्ये राणी इसाबेल दुसरीने इथल्या हामोनला राजमुद्रा लावायची परवानगी दिली होती. अण्णा त्या दुकानांवरून मान खाली घालून भराभर गेले आणि वरच्या आळीतली खोली गाठली. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद असतात हे एव्हाना अंगवळणी पडलं होतं. दशमी, ठेचा आणि गावातलं चीज, असं जेवलो.

सकाळच्या बसची वाट पाहत थांब्यावर बसलो होतो. कठड्याखालून पाणी वाहत होतं. अण्णांनी फोन मागितला आणि गावी काकांना लावला. तब्येत, पाऊस, आईचे गुडघे, सगळं झालं. मग म्हणाले, "पाट साफ केला का रे यंदा कुणी?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले.

"मी 28 ला येतोय," ते म्हणाले. "29 ला सकाळी सात वाजता बंधाऱ्यावर सगळ्यांना बोलाव. फावडी घेऊन."