तुम्ही विचारलंत म्हणून : नुसतं बोलून ब्राउन शुगर सुटते का?

"गोळ्या नकोत, चांगला समुपदेशक मिळाला तर सुटेल ना? तसा पुरावा आहे का?" पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरची माणसं हे विचारतात. समाजकार्याचे विद्यार्थी विचारतात, नवं केंद्र काढू पाहणारेही विचारतात. सरळ उत्तर असं, की ब्राउन शुगर (भेसळीचं हेरॉइन), ट्रामाडोल (वेदनाशामक गोळी) अशा अफूवर्गातल्या पदार्थांचं व्यसन औषधाविना नुसत्या बोलण्याने सुटतं, असं दाखवणारा पुरावा तुटपुंजा आहे. औषधाच्या जोडीला समुपदेशन दिलं तर काही अभ्यासांत फरक दिसतो, काहींत मुळीच दिसत नाही. तो का दिसत नाही हे समजून घेतल्याशिवाय "समुपदेशनाचा उपयोग नाही" असंही म्हणू नये.

गोव्यात हा विषय निघाला की कुणीतरी संगाथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचं नाव घेतंच. घ्यावंही. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला त्यांचा अभ्यास गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला. त्यात ३७७ पुरुष होते आणि डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त ४ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी धोकादायक पिणं थांबलेल्यांचं प्रमाण ३६ टक्के होतं, नेहमीच्या उपचारात २६ टक्के. मात्र हा अभ्यास दारूचा होता. त्यातही 'ऑडिट' या प्रश्नावलीत १२ ते १९ गुण मिळालेल्यांचा. २० किंवा त्याहून जास्त गुणांची, म्हणजे अवलंबित्वाची दाट शक्यता असलेली माणसं त्यात घेतलीच नव्हती. रोज टर्की (नशा न मिळाल्यावर होणारा शारीरिक त्रास) टाळण्यासाठी पावडर ओढणाऱ्या माणसाला या ३६ टक्क्यांची आशा दाखवणं चूक आहे. तरीही अनुदानाच्या अर्जांत हा दाखला सर्रास दिसतो.

पुरावा शोधायला बसण्याआधी प्रश्न कागदावर लिहावा. एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. समुपदेशन एकटंच? टर्कीच्या काळात औषध उतरवत नेताना सोबत समुपदेशन? की ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (तलफ आणि टर्की आवरणारी औषधं) दीर्घकाळ चालू असताना समुपदेशन? वैद्यकीय पुराव्यांचे आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने तिन्हींचे वेगवेगळे आढावे काढले आणि उत्तरंही वेगवेगळी आली. पहिल्या प्रश्नावर २००४च्या आढाव्यात ५ चाचण्या आणि ३८९ माणसं होती; ठाम काही म्हणण्याइतका तो ऐवज नव्हता. दुसऱ्यावर २०११ साली ११ अभ्यास, १५९२ माणसं. इथे फायदा स्पष्ट दिसला, उपचार अर्धवट सोडण्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. तिसऱ्यावर, त्याच वर्षी, ३५ अभ्यास, ४३१९ माणसं आणि १३ प्रकारचं समुपदेशन. नेहमीच्या औषधोपचारात जादा समुपदेशन घातल्याने टिकून राहण्यात वा नशा थांबण्यात फरक आढळला नाही.

हा तिसरा निष्कर्ष वाचून लोक गडबडतात. इथे तुलना कशाशी आहे ते बघावं लागतं. २००६च्या एका अमेरिकन चाचणीत १६६ जण होते. एका गटाला आठवड्याला २० मिनिटं नर्सशी बोलणं, दुसऱ्याला ४५ मिनिटं; ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन सगळ्यांना. निकाल सारखेच. म्हणजे तिथे "बोलणं विरुद्ध न बोलणं" अशी तुलना झालीच नाही. वीस मिनिटं कुणीतरी नीट विचारपूस करत होतं, ती ४५ केल्याने फार काही वाढलं नाही, एवढंच कळलं. याउलट १९९३च्या मेथाडोनवरच्या ९२ माजी सैनिकांच्या अभ्यासात एका गटाला जवळपास नुसतं औषधच मिळालं. त्यातल्या ६९ टक्के लोकांना नशा चालूच राहिल्याने किंवा तातडीचा प्रसंग ओढवल्याने दुसऱ्या उपचारावर हलवावं लागलं. म्हणून अभ्यास वाचताना 'नेहमीचे उपचार' या दोन शब्दांत काय काय येतं, किती मिनिटं आणि कोण बोलतं, ते पद्धतीच्या भागातून खणून काढा. सारांशात ते सापडत नाही.

वाचलेल्या अभ्यासांचा तक्ता करा आणि त्यात औषधाच्या मात्रेचा रकाना ठेवा. तो बहुतेक जण विसरतात. ब्युप्रेनॉर्फिन रोज २ मिलिग्रॅम दिलं तरी माणसं उपचारात टिकतात, पण प्लासिबोच्या (औषध नसलेल्या, दिसायला सारख्या गोळीच्या) तुलनेत हेरॉइनचा वापर दाबण्यासाठी १६ मिलिग्रॅम किंवा जास्त लागतं, असं ३१ अभ्यासांच्या २०१४च्या आढाव्यात दिसलं. मात्रा कमी पडलेल्या माणसाची तलफ शमतच नाही, मग समुपदेशक कितीही कुशल असो. तसा अभ्यास समुपदेशनाबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

मग लघवीची तपासणी. "नशा थांबली" हे कशावरून ठरवलं? साधी ओपिएट (अफूपासूनचे पदार्थ शोधणारी) पट्टी मॉर्फिन आणि कोडीन पकडते, तीही साधारण २ ते ३ दिवस. ट्रामाडोल, फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन तिच्यावर उमटत नाहीत, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या. भारतात ट्रामाडोल २०१८ साली एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं गेलं, तरी गोळ्यांवरच्या माणसाची ओपिएट पट्टी 'निगेटिव्ह' आली म्हणून खूश होणारे अजून भेटतात. उलट बाजूही आहे. मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम मर्यादा असलेल्या पट्टीवर खसखस पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आपल्या शाकुतीच्या वाटणात खसखस असतेच. अमेरिकेत सरकारी चाचण्यांची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली, ती खसखशीच्याच कारणाने. नमुना ४ मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सिअस नसेल, किंवा क्रिएटिनिन डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर पाणी मिसळल्याचा वा भरपूर पिऊन आल्याचा संशय घ्यावा.

गळती, म्हणजे उपचार मध्येच सोडणारे, कशी मोजली हेही बघा. समजा १०० जण दाखल झाले, ४० टिकले आणि त्यातले ३० स्वच्छ निघाले. एकजण "७५ टक्के यश" लिहील, दुसरा "३० टक्के". दुसरा बरोबर. चांगल्या चाचण्यांत न दिलेला नमुना पॉझिटिव्ह धरतात. हे जरा कठोर आहे, पण दोन्ही गटांना सारखंच लागू होतं. शिवाय उपचार घेणाऱ्यापासून समुपदेशन लपवता येत नाही. निदान निकाल मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, एवढी अपेक्षा धरा.

शोधाची पद्धत कंटाळवाणी आहे, म्हणून थोडक्यात. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीवर 'ओपिऑइड-रिलेटेड डिसऑर्डर्स' आणि 'सायकोथेरपी' ही मेश शीर्षकं (सूचीतले ठरलेले विषयशब्द) आधी, मग त्यांना साधे शब्द जोडून पुन्हा. भारतातल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय ही वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही चाळा. नोंदवलेलं मुख्य मोजमाप आणि छापलेलं मोजमाप जुळत नसेल तर सावध व्हा. दोघांनी स्वतंत्रपणे निवड करावी, एकट्याने नाही.

ज्यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवावा असं समुपदेशनाच्या शेजारचं एक तंत्र आहे, ते म्हणजे बक्षिसाचं. स्वच्छ नमुन्याला लगेच छोटं कूपन, सलग आले तर वाढती किंमत, चुकला की पुन्हा मूळपदावर. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ साली याची शिफारस केली. त्याच मार्गदर्शनात ब्युप्रेनॉर्फिन-मेथाडोनसारखी औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांना व्यसनासाठीची सीबीटी (विचार-वर्तन बदलणारी उपचारपद्धती) सरसकट देऊ नका असंही म्हटलं आहे. नैराश्य किंवा चिंता असेल तर गोष्ट वेगळी. बक्षीस उशिरा दिलं तर परिणाम कमी होतो, हातोहात द्यावं लागतं. आणि बक्षिसं थांबली की परिणाम ओसरतो. आपल्याकडे "नशा न करण्याचे पैसे कशाला?" हा आक्षेप येतोच. आक्षेप नैतिक आहे, परिणामाबद्दल नाही.

आता गोळी नको म्हणणाऱ्यांसाठी. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामकांच्या व्यसनावरच्या २०११च्या मोठ्या चाचणीत ब्युप्रेनॉर्फिनच्या १२ आठवड्यांअखेर ४९ टक्के लोक बरे होते. औषध उतरवून बंद केल्यावर ८ आठवड्यांनी ९ टक्क्यांहून कमी उरले. जादा समुपदेशन मिळालेल्या गटातही चित्र तेच. शिवाय औषध सुटल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि जुनी मात्रा जीव घेते. २०१७ साली 'बीएमजे'त आलेल्या आढाव्यात मेथाडोनवर असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे (हजार माणसं, एक वर्ष) ११ मृत्यू होते, उपचाराबाहेर ३६.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच सांगितलं : समुपदेशन सर्वांना देऊ करा, पण ते नाकारलं म्हणून औषध रोखू नका. तेव्हा बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जा, १४४४६ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा खासगी केंद्रात चौकशी करा, तीन गोष्टी विचारा : ब्युप्रेनॉर्फिन मिळेल का आणि किती दिवस, बैठक चुकली तर गोळी बंद होते का, आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात माणसावर लक्ष कोण ठेवणार.